आयरिश माणसावरचा विनोद आणि फुटबॉलचं मैदान

प्रश्न : मी इंग्लिश प्रीमियर लीगचे सामने नियमित बघतो. त्या नादानं जुन्या ब्रिटिश विनोदी मालिका आणि फुटबॉलवरचे थट्टेचे कार्यक्रमही बघायला लागलो. त्यांत आयरिश माणूस आला की तो भोळसट तरी असतो, दारू प्यायलेला तरी, नाहीतर भांडायला उठलेला. आयरिश लोकांना याचा राग येत नाही का? की तेही ब्रिटिशच, म्हणून घरातली थट्टा समजून सोडून देतात? आणि आपण दोघांपैकी कोणीच नसताना या विनोदांना हसावं का?

उत्तर : तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. त्यांतला मधला आधी सोडवू, कारण बाकीच्या दोघांची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

आयरिश लोक ब्रिटिश नाहीत. आयर्लंड बेटाचा मोठा भाग १९२२ मध्ये ब्रिटनपासून वेगळा झाला आणि आज ते स्वतंत्र प्रजासत्ताक आहे. ईशान्येकडचे सहा परगणे, म्हणजे उत्तर आयर्लंड, ब्रिटनच्या राज्यात राहिले. म्हणूनच फुटबॉलमध्ये दोन वेगळे संघ दिसतात, एक प्रजासत्ताकाचा आणि दुसरा उत्तर आयर्लंडचा. रग्बीत मात्र सगळ्या बेटाचा मिळून एकच संघ खेळतो आणि बघणाऱ्याचा गोंधळ वाढतो. आपल्याकडे आयर्लंड म्हटलं की लिओ वराडकरांचं नाव निघतं. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. लिओ स्वतः डब्लिनमध्ये जन्मले आणि २०१७ मध्ये पंतप्रधान झाले ते या स्वतंत्र देशाचे.

तेव्हा ‘घरातली थट्टा’ हा खुलासा इथं लागू पडत नाही. तरी तुम्हाला तसं वाटलं यात नवल नाही. पिढ्यान्‌पिढ्या आयरिश माणसं कामासाठी लिव्हरपूल, मँचेस्टर, बर्मिंगहॅम, ग्लासगो इथं जाऊन राहिली. त्यांची मुलं-नातवंडं तिथल्याच बोलीत बोलतात. इकडे डब्लिनमधला पोरगा लहानपणापासून मँचेस्टर युनायटेडचा किंवा लिव्हरपूलचा पाठीराखा असतो आणि ब्रिटिश वाहिन्या घरी लागलेल्या असतात. त्यामुळे लंडनच्या स्टुडिओत आयरिश माणसावर केलेला विनोद त्याच संध्याकाळी डब्लिनच्या दिवाणखान्यात ऐकू येतो. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाबद्दल आपण काय बोलतो हे त्याला रोज ऐकू जावं, तशी ही स्थिती आहे.

आता ही पात्रं आली कुठून ते बघू. त्यांतलं एकही फुटबॉलमध्ये जन्मलेलं नाही. फुटबॉलच्या विनोदानं ती आयती उचलली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या शेक्सपिअरच्या ‘हेन्री पाचवा’ या नाटकात मॅकमॉरिस नावाचा आयरिश कॅप्टन आहे. वेल्श सहकाऱ्यानं त्याच्या देशाचा नुसता विषय काढला तरी तो भडकतो. भांडकुदळ आयरिश माणूस इंग्रजी रंगभूमीवर इतका जुना आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात या चित्राला विखारी धार आली. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगानं गेलं आणि लागोपाठ काही वर्षं दुष्काळ पडला. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि निदान तितकीच देश सोडून गेली. जी ब्रिटनच्या बंदरांत उतरली ती भुकेली, कंगाल, पडेल ते अंगमेहनतीचं काम पत्करणारी होती. १८४१ मध्ये सुरू झालेलं ‘पंच’ हे लंडनचं विनोदी साप्ताहिक तेव्हा जोरात होतं. ‘अॅलिस’च्या पुस्तकांतली प्रसिद्ध चित्रं काढणारा जॉन टेनिएल या साप्ताहिकात आयरिश बंडखोरांना माकडासारखा जबडा देऊन रंगवायचा.

यामागचं कारण साधं आहे. आपण ज्या बेटावर राज्य करतो तिथली माणसं लाखांनी का मरतात, याचं उत्तर राज्यकर्त्याला देता येत नव्हतं. ती माणसंच आळशी, मूर्ख आणि दारूबाज आहेत असं ठरवलं की उत्तर द्यायची गरज उरत नाही. थट्टेनं हे काम चोख केलं.

मूर्खपणाच्या आरोपाकडे जरा सावकाश बघण्यासारखं आहे. जुन्या इंग्रजी विनोदात एक ठरलेली जात आहे : आयरिश माणूस एक वाक्य बोलतो आणि त्याच वाक्यात स्वतःला खोडून काढतो. ‘मी तुला हे पत्र पाठवतोय, मिळालं नाही तर ताबडतोब कळव’, या धर्तीचं काहीतरी. अशी वाक्यं फक्त आयरिश लोकच बोलतात, हा समज इतका पसरला होता की मारिया एजवर्थ ही लेखिका आणि तिचे वडील यांनी १८०२ मध्ये त्यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की अशा चुका प्रत्येक देशात होतात. आयरिश माणसानं केली की ती लक्षात ठेवली जाते, एवढाच फरक.

आणि गंमत बघा, या म्हणण्याचा पुरावा दीड-पावणेदोनशे वर्षांनी इंग्लिश फुटबॉलनंच पुरवला. बीबीसीचे नामांकित क्रीडा समालोचक डेव्हिड कोलमन यांच्या आणि त्यांच्यासारख्या इतरांच्या बोलण्याच्या ओघात अशी स्वतःला खोडणारी वाक्यं इतकी निसटायची की ‘प्रायव्हेट आय’ या पाक्षिकानं त्यांचं स्वतंत्र सदर चालवलं आणि सदराला कोलमन यांचंच नाव जोडलं. म्हणजे इंग्लिश समालोचक चुकला तर ती त्याच्या एकट्याच्या जिभेची घसरण, आणि आयरिश माणूस चुकला तर सगळ्या देशाची अक्कल निघणार. तुम्ही बघितलेल्या विनोदांतला भोळसट आयरिश या पक्षपातातून तयार झाला आहे.

आता राग येतो का, या मुख्य प्रश्नाकडे वळू. याबाबत एक युक्तिवाद हमखास ऐकायला मिळतो : आयरिश लोक स्वतःच असे विनोद सांगतात, मग राग कसला? यात तथ्य आहे, पण अर्धंच. १९७१ मध्ये ग्रॅनडा टीव्हीनं ‘द कॉमेडियन्स’ हा कार्यक्रम सुरू केला. कामगारांच्या क्लबांत विनोद सांगणारी मंडळी एकामागून एक येऊन धडाधड किस्से सांगत आणि त्यांत आयरिश माणसावरचे किस्से भरपूर असत. ते सांगणाऱ्यांत बेलफास्टचा फ्रँक कार्सनही होता. तो लोकप्रिय होता आणि आयरिश प्रेक्षकही त्याला हसत.

पण त्याच वर्षांत बाहेर काय चाललं होतं ते आठवा. २१ नोव्हेंबर १९७४ च्या रात्री बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बॉम्बस्फोट होऊन २१ जण मेले आणि संशय आयरिश बंडखोरांवर गेला. काही दिवसांतच दहशतवादविरोधी कायदा आला आणि संशयावरून माणसाला अडकवून ठेवणं सोपं झालं. सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली. ती निर्दोष होती हे न्यायालयानं मान्य करून त्यांना सोडायला १९९१ साल उजाडलं. अशा दिवसांत बर्मिंगहॅमच्या कारखान्यातला किंवा लंडनच्या बांधकामावरचा आयरिश कामगार, सहकाऱ्यानं ‘मूर्ख पॅडी’चा (पॅडी म्हणजे आयरिश माणसाला ठेवलेलं थट्टेचं नाव) किस्सा सांगितला तर काय करणार होता? तोंड उघडलं की बोलण्याच्या ढबीवरून लोक वळून बघत. तो खाली मान घालून हसला असेल. त्या हसण्याला संमती समजणं मला अन्यायाचं वाटतं.

संधी मिळाल्यावर लोक बोलले, हे विसरता कामा नये. ब्रिटनमध्ये १९७६ चा वंशभेदविरोधी कायदा होता आणि त्यात देशावरून केलेला भेदभावही येत होता. १९९४ मध्ये उत्तर आयर्लंडहून आलेल्या एका कामगारानं, कारखान्यातले सहकारी रोज आयरिश विनोद करून आपल्याला छळतात, अशी दाद मागितली. कामगार न्यायाधिकरणानं त्याच्या बाजूनं निकाल दिला आणि भरपाई द्यायला लावली. तेव्हा काही वर्तमानपत्रांनी ‘आता विनोदही करायचा नाही का’ असा सूर लावला. पण प्रश्न एका किस्स्याचा नव्हता. रोज त्याच माणसावर, त्याच कारणासाठी, सगळ्यांनी मिळून हसायचं याचा होता. १९९७ मध्ये वांशिक समतेसाठी नेमलेल्या सरकारी आयोगानं ब्रिटनमधल्या आयरिश समाजाला सोसाव्या लागणाऱ्या भेदभावावर मोठा अहवालच काढला.

याच काळात फुटबॉलमध्ये मात्र वेगळं घडत होतं. १९८६ मध्ये आयर्लंडच्या संघाचं प्रशिक्षकपद जॅक चार्लटनकडे गेलं. हा पक्का इंग्लिश माणूस, १९६६ चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या संघातला बचावपटू. त्यानं आजी-आजोबांपैकी कोणी आयर्लंडमध्ये जन्मलेलं आहे का, याची चौकशी करून इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये वाढलेले खेळाडू गोळा केले. नियमांत ते बसत होतं. १२ जून १९८८ ला श्टुटगार्टमध्ये आयर्लंडनं इंग्लंडला १-० हरवलं. गोल करणारा रे हाउटन ग्लासगोत जन्मलेला. पुढे १९९० च्या विश्वचषकात हा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला.

त्याबरोबर विनोदही बदलला. भोळसट पॅडीच्या जागी ‘सापडलेली आजी’ आली. आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या आद्याक्षरांचा अर्थ ‘आणखी एक आयरिश शोधा’ असा लावला जाऊ लागला. टोनी कॅस्करिनो या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आघाडीपटूनं तर कळस केला. आयर्लंडसाठी ८८ सामने खेळल्यावर २००० साली आत्मचरित्रात त्यानं लिहिलं, की आपली आई दत्तक घेतलेली होती आणि त्यामुळे रक्तानं आपण आयरिश नव्हतोच. दत्तक मुलालाही कायद्यानं तेच हक्क असल्यामुळे त्याच्या पात्रतेला धक्का लागला नाही, पण थट्टेला खाद्य मिळालं. ही थट्टा आयरिश लोकांना फारशी झोंबली नाही. त्यांचा संघ जिंकत होता, विनोद त्यांच्या अकलेवर नव्हता, आणि त्या विनोदात एक खरी गोष्ट मान्य केलेली होती : इंग्लंडच्या गल्लीगल्लीत आयरिश आज्या आहेत. आजही हे खरं आहे. इंग्लंडचा कर्णधार हॅरी केन याचे वडील गॉलवेकडचे. सप्टेंबर २०२४ मध्ये इंग्लंडनं डब्लिनमध्ये आयर्लंडला २-० हरवलं तेव्हा दोन्ही गोल, पूर्वी आयर्लंडच्या संघांतून खेळलेल्या डेक्लन राइस आणि जॅक ग्रीलिश यांनी केले. इंग्लंडचा हंगामी प्रशिक्षक ली कार्स्ली स्वतः आयर्लंडसाठी ४० सामने खेळलेला होता.

पडद्यावरच्या विनोदातला मोठा बदल झाला तो लेखणी आयरिश हातांत गेल्यावर. ‘फादर टेड’ ही चॅनल फोरची मालिका १९९५ ते १९९८ या काळात दाखवली गेली. एका आडबाजूच्या बेटावरचे तीन पाद्री : एक भोळसट, त्याचं नाव डूगल, एक अखंड दारूत बुडालेला आणि एक लहान-मोठ्या लबाड्या करणारा, तो टेड. वर्णन ऐकलं तर ‘पंच’च्या व्यंगचित्रांतलेच वाटतील. त्यातल्या एका भागात ७५ वर्षांवरच्या पाद्र्यांचा फुटबॉल सामना आहे आणि टेड तो जिंकण्यासाठी चाकाच्या खुर्चीला यंत्र बसवण्यापर्यंत जातो. ही मालिका लिहिली ग्रॅहम लिनेहन आणि आर्थर मॅथ्यूज या दोन आयरिश लेखकांनी. आयर्लंडच्या सरकारी वाहिनीनं ती नाकारली म्हणून ते लंडनला गेले, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. त्या वाहिनीकडे मालिका कधी दिलीच नव्हती.

मग ही पात्रं आयरिश प्रेक्षकांना का बोचली नाहीत? कारण डूगलचा भोळेपणा हा आयरिश असण्याचा परिणाम म्हणून दाखवलेला नाही. त्याच्याभोवतीची बाकीची माणसंही आयरिशच आहेत, आणि त्यांच्यात शहाणी, चलाख, कंजूष, दुष्ट अशी सगळी आहेत. गावात शंभर तऱ्हा असल्या की एकाचं वेड सगळ्या गावावर चिकटत नाही. शिवाय विनोदाचा रोख तिथल्या धर्मसत्तेवर होता आणि त्या सत्तेवर हसायची इच्छा आयर्लंडमध्ये दबून राहिली होती.

याच दोन लेखकांचा आणखी एक प्रसंग मुद्दाम शोधून बघण्यासारखा आहे. विनोदी नट स्टीव्ह कूगन याचं अॅलन पार्ट्रिज हे पात्र मुळात क्रीडा निवेदकाचं. फुटबॉलचं ओ की ठो कळत नसताना गोलांवर आरडाओरडा करणारा, आत्मसंतुष्ट इंग्लिश माणूस. १९९७ च्या मालिकेत आयर्लंडहून दोन टीव्ही अधिकारी त्याला भेटायला येतात आणि त्या भूमिका लिनेहन आणि मॅथ्यूज यांनीच केल्या आहेत. अॅलन त्यांच्यावर छाप पाडायला जातो आणि दुष्काळाबद्दल अत्यंत अडाणी शेरा मारतो. ‘यू टू’ या बँडच्या, डेरी शहरातल्या ३० जानेवारी १९७२ च्या गोळीबाराशी नाव जोडलेल्या गाण्याला तो रविवारच्या कंटाळ्याचं गाणं समजतो. दोघे आयरिश गृहस्थ शांतपणे ऐकून घेतात. प्रेक्षक हसतो तो अॅलनला. २०१९ मध्ये कूगननं याच्या पुढची पायरी गाठली. पार्ट्रिजसारखाच दिसणारा स्लायगोचा एक शेतकरी त्यानंच उभा केला आणि बीबीसीच्या काल्पनिक थेट कार्यक्रमात त्याला ब्रिटिश सैन्याविरुद्धची बंडाची गाणी म्हणायला लावलं. दिसायला हा शेतकरी साचेबंद आयरिशच होता, अंगावरच्या कपड्यांपासून केसांपर्यंत. तरीही आयर्लंडमध्ये हा प्रसंग डोक्यावर घेतला गेला, कारण फजिती सूत्रसंचालकाची झाली. कूगनची आई मेयो परगण्यातली, हेही इथं लक्षात घ्यायला हवं. त्याला घरचे लोक माहीत होते.

भांडकुदळ आयरिशचंही असंच झालं. मे २००२ मध्ये विश्वचषकाच्या तोंडावर आयर्लंडचा कर्णधार रॉय कीन, सायपान बेटावरच्या सरावाच्या गैरसोयींवरून प्रशिक्षक मिक मॅकार्थीशी भांडला आणि संघाबाहेर गेला. मॅकार्थी स्वतः इंग्लंडच्या बार्न्झलीत जन्मलेला. इंग्लिश वर्तमानपत्रांना ‘संतापी आयरिश’ची बातमी मिळाली, पण आयर्लंडमध्ये घराघरांत दोन तट पडले. २००५ मध्ये डब्लिनच्या रंगमंचावर त्या भांडणाचं रोमन सैन्याच्या वेशातलं संगीत प्रहसन आलं आणि तेही आयरिश लेखकांनीच लिहिलं, त्यांत आर्थर मॅथ्यूज होताच. २०२५ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला आणि मॅकार्थीची भूमिका केली स्टीव्ह कूगननं. या सगळ्यात कीन रागीट आहे, पण त्याच्या रागाला कारण आहे. मैदान खडबडीत होतं, सामान वेळेवर आलं नव्हतं, आणि तो बरोबर बोलत होता असं मानणारे आजही लाखो आहेत. कारण दाखवलं की साचा मोडतो आणि माणूस उरतो.

दारूच्या विनोदाबद्दल मात्र माझं मत कडक आहे. जॉर्ज बेस्ट बेलफास्टचा, पॉल मॅग्रा डब्लिनच्या अनाथाश्रमांत वाढलेला. एक जगातल्या सर्वोत्तम आघाडीपटूंपैकी, दुसरा १९९४ मध्ये न्यू जर्सीत इटलीविरुद्ध भिंतीसारखा उभा राहिलेला बचावपटू. दोघांनाही व्यसनानं पोखरलं. बेस्टचं यकृत बदलावं लागलं आणि २००५ मध्ये तो गेला. मॅग्रानं २००६ च्या आत्मचरित्रात बालपणीचा एकटेपणा आणि पिणं यांचा संबंध फार धीटपणे मांडला आहे. ‘आयरिश म्हटल्यावर पिणारच’ या एका वाक्यानं काय होतं? आजाराला स्वभाव म्हटलं जातं आणि मदत करायची जबाबदारी क्लब, सहकारी, पत्रकार अशा सगळ्यांवरून उतरते. या विनोदाची किंमत माणसांनी प्रकृतीनं मोजली आहे.

पडद्यावरचा विनोद पडद्यावरच राहतो, हा आणखी एक गैरसमज. याचं सर्वात स्पष्ट उदाहरण आयरिश नाही, तरीही इथं सांगायला हवं. १९९० च्या दशकात फ्रँक स्किनर आणि डेव्हिड बॅडिएल यांच्या बीबीसीवरच्या फुटबॉल कार्यक्रमात नॉटिंगहॅम फॉरेस्टचा कृष्णवर्णीय खेळाडू जेसन ली याच्या केसांची आठवड्यामागून आठवडे टर उडवली गेली. बॅडिएलनं तोंडाला रंग फासून त्याची नक्कल केली. मग प्रत्येक मैदानावर प्रेक्षक तेच ओरडू लागले. २०२२ मध्ये बॅडिएलनं कॅमेऱ्यासमोर ली याची माफी मागितली. स्टुडिओत सुरू झालेलं हसू स्टँडमध्ये गेलं की त्याचं काय होतं, हे यातून दिसतं.

आयरिश खेळाडूंना झळ लागते ती याच स्टँडमध्ये. जेम्स मॅक्लीन हा डेरीचा खेळाडू. ब्रिटनमध्ये नोव्हेंबरात युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ खेळाडूंच्या शर्टावर लाल फूल लावतात. २०१२ पासून त्यानं ते लावायचं नाकारलं. २०१४ मध्ये आपल्या क्लबच्या अध्यक्षाला लिहिलेल्या खुल्या पत्रात त्यानं कारण सांगितलं : फूल फक्त दोन महायुद्धांतल्या मृतांसाठी असतं तर लावलं असतं, पण ते नंतरच्या सगळ्या मोहिमांसाठीही आहे आणि माझ्या शहरात सैन्यानं नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या होत्या. इतकं नीट सांगूनही इंग्लंडच्या मैदानांवर त्याला वर्षानुवर्षं शिव्या खाव्या लागल्या, आणि त्या शिव्या देशावरून होत्या.

ग्लासगोची गोष्ट याहून बोलकी आहे. सेल्टिक हा क्लब १८८७ मध्ये स्लायगोच्या एका धर्मबंधूनं स्थापन केला, शहराच्या पूर्व भागातल्या गरीब आयरिश मुलांना जेवण मिळावं म्हणून. त्यांचे प्रतिस्पर्धी रेंजर्स यांच्या काही पाठीराख्यांनी एक गाणं प्रचारात आणलं. दुष्काळ संपला, आता तुम्ही घरी का जात नाही, असा त्याचा आशय. म्हणणारे सांगत, ही तर मैदानावरची थट्टा. २००९ मध्ये स्कॉटलंडच्या अपील न्यायालयानं ते गाणं वंशद्वेषी ठरवलं. ज्यांचे खापरपणजोबा तिथं आले त्यांना ‘परत जा’ म्हणण्यात थट्टेचा भाग कुठला, हे मलाही समजलेलं नाही.

उरला चौथा साचा. तुमच्या पत्रात तो नाही, पण आज तोच सर्वात जास्त चलनात आहे : सदा आनंदी आयरिश चाहता. २०१६ च्या युरो स्पर्धेत आयरिश चाहत्यांनी इतकी मनं जिंकली की पॅरिस शहरानं त्यांना पदक दिलं. कौतुकात राग कसला येणार? पण त्याआधी २०१२ च्या युरो स्पर्धेत गदान्स्कला स्पेनकडून ०-४ हरत असताना आयरिश प्रेक्षक सामना संपेपर्यंत गात राहिले, जगभर त्याची वाहवा झाली, आणि टीव्हीवर बसलेला रॉय कीन मात्र चिडला. आम्ही गाणी म्हणायला स्पर्धेत येतो का, असा त्याचा रोख होता. अनेक चाहत्यांना ते लागलं, पण त्याचा मुद्दा खरा होता. ‘हरले तरी हसतात’ असं कौतुक ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांच्याकडून जिंकण्याची अपेक्षा कोणी ठेवत नाही. आणि ते गात होते ते गाणंही मजेचं नव्हतं. दुष्काळात मुलांसाठी धान्य चोरल्याबद्दल ऑस्ट्रेलियाला हद्दपार केलेल्या माणसाची ती व्यथा आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न : आपण हसावं का? ‘फादर टेड’ आणि पार्ट्रिज खुशाल बघा आणि मोकळेपणानं हसा. कीनच्या नकला करणारे आयरिश कलाकारही बघा, ते फार चांगलं काम करत आहेत. ‘एक आयरिश माणूस पबमध्ये गेला’ या थाटाचे सत्तरच्या दशकातले किस्से मात्र कोणा आयरिश माणसाला ऐकवू नका. तो सभ्यपणे हसेल, कारण त्याच्या आजोबांनाही तसंच हसावं लागलं होतं. त्याच्याशी फुटबॉलवर गप्पा मारायच्या असतील तर २००२ मध्ये सायपानला कीन बरोबर होता की मॅकार्थी, एवढं विचारा आणि निवांत बसा. वेळ मात्र हाताशी भरपूर ठेवा.